गुन्ह्याचा कागद आणि पोराचं आयुष्य

(मांजरसुंबा येथील युवक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण आज चार रस्त्यांच्या गावात बसलोय. एक रस्ता बीडला जातो, एक धाराशिव-सोलापूरला, एक केज-अंबाजोगाईला आणि एक पाटोद्याकडून अहिल्यानगरला. पहाटे यातल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं की पोरं पळताना दिसतात. बनियन, हाफ पँट, हातात मोबाईलची स्टॉपवॉच. पोलीस भरतीची तयारी. त्यात आपली पोरं आहेत, मराठ्यांची, वंजाऱ्यांची, दलितांची, लिंगायतांची आहेत. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढायचे हे प्रत्येकाला पाठ असतं. पोलीस ठाण्यात आपल्या नावाचा एखादा कागद आहे का, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्या चळवळीत आपण तलाक, पोटगी, मुलींचं शिक्षण यावर बोलतो. मग आज हा विषय का, असं सकाळी एका चाचांनी विचारलं. त्याचं कारण असं की गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे नवऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायकांइतक्याच मुलांचे कागद घेऊन आलेल्या आया आहेत. रिश्ता मोडला, बॅज मिळेना, सिक्युरिटीची नोकरी गेली, पासपोर्ट अडकला. पिशवीतून कागद काढतात आणि विचारतात, "वकीलसाहेब, ये मिटता नहीं क्या?"

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी याच भागातला एक एकोणीस वर्षांचा पोरगा आईसोबत माझ्याकडे आला. लिंबाखाली चौघे तिर्रट खेळत होते, पोलिसांची धाड पडली, जुगार कायद्याच्या कलम १२ ची केस झाली. लोकअदालत तोंडावर होती. तारखेला रोजगार बुडवून कशाला यायचं, म्हणून मी म्हणालो, "कबूल करून टाक बेटा, दोनशे रुपये दंड भर, मोकळा हो." त्याने कबूल केलं. आईने पदराच्या गाठीतून पैसे काढले. दहा मिनिटांत काम झालं आणि तिने मला दुआ दिली.

पुढे तो पोरगा मैदानी चाचणी पास झाला, लेखी पास झाला, आणि हातात साक्षांकन नमुना घेऊन माझ्याकडे आला. त्यात प्रश्न होता: आपणास कधी न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय? तो मला म्हणाला, "सर, मी नाही लिहू ना? दंडच भरला होता फक्त."

कबुली देऊन दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी, हे मला माहीत होतं. मी ते त्याला सांगितलं नव्हतं. वकिलांच्या तोंडी "मोकळा हो" हा शब्द फार सहज येतो. खून असो की पत्ते, कागदावर शब्द एकच पडतो: दोषी. आणि कबुलीवर झालेल्या अशा शिक्षेला अपील जवळपास नाहीच. फार तर शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं. आम्ही सत्र न्यायालयात पुनरीक्षण टाकलं, उशीर माफ करा असा अर्ज जोडला. मुद्दा असा होता की आरोपीची कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवायची असते, आणि इथे छापील ओळीखाली फक्त सही होती. ते मान्य झालं. केस पुन्हा चालली, पंच फिरले, पोरगा निर्दोष सुटला. तोवर ती भरती निघून गेली होती. आज तो इथेच आहे, मागे उभा आहे. नाव सांगणार नाही.

आता मूळ प्रश्न. हा डाग मिटतो का?

इंग्लंडमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की ठरावीक शिक्षा भोगली, त्यानंतर ठरावीक वर्षं सरळ वागला, की ती शिक्षा बहुतेक कामांसाठी कालबाह्य समजायची. नोकरी मागताना सांगायचीही गरज नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानियाने २०१८ मध्ये काही जुन्या नोंदी आपोआप झाकून टाकणारा कायदा केला. आपल्याकडे मोठ्या माणसासाठी असा सरसकट कायदा नाही. उलट आपला इतिहास डाग लावण्याचा आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या मुक्त झाल्या. पण आपल्या आष्टी-पाटोद्याच्या पारधी वस्तीवर जाऊन विचारा, कुठे चोरी झाली की पहिली गाडी कुणाच्या दारात थांबते. तुरुंगातल्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका, हे सांगायला सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. आपल्या पोरांवर संशय घेतात म्हणून आपण रडतो, रास्तच आहे. पण हे दुःख आपल्याआधी पारध्यांनी भोगलंय, तेव्हा आपण त्यांच्या बाजूने किती बोललो, हेही मनाला विचारा.

सरसकट कायदा नाही, पण वाटा आहेत. पोरगा कुठे अडकलाय त्यावर वाट ठरते.

सगळ्यात मोठी वाट अठरा वर्षांखालच्या मुलांची आहे आणि तीच आपल्याला माहीत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की मुलाच्या हातून गुन्हा झाला तरी त्यामुळे येणारी कुठलीही अपात्रता त्याला पुढे लागणार नाही, आणि ती नोंद नष्ट करायची. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत ती अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं जपायची, त्यापुढे नाही, असं आहे. अपवाद एकच: सोळा ते अठरा वयाचा, अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्या माणसासारखा खटला चाललेला मुलगा. कलम ७४ तर त्याहून स्पष्ट आहे. प्रकरण मिटलं असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायचीच नाही. लहानपणीच्या अशा प्रकरणावरून केंद्रीय दलातली नोकरी नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

हे एवढं का ताणून सांगतोय? जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, ते तुम्ही पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक जयंतीला, प्रत्येक सणाला कुठल्या तरी गावात स्टेटसची केस होते आणि त्यात शाळकरी पोरं असतात. स्टेटस ठेवणं शहाणपणाचं होतं का? नव्हतं. औरंगजेबाने तुझं काय भलं केलं, असं मी त्या पोरांना तोंडावर विचारतो. पण मूर्खपणाची शिक्षा जन्मभराची नसते. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यात, सोबत सज्ञान आरोपी नसेल तर, अल्पवयीन मुलावर एफआयआर न करता डायरीत नोंद घ्यायची असा नियम आहे. म्हणून पहिल्या दिवशी ठाण्यात जाताना जन्माचा दाखला किंवा शाळेची टीसी घेऊन जा. पोरगा दिसायला दांडगा असतो, अंदाजे वय १९ लिहिलं जातं आणि पुढची सगळी वाट अवघड होते. प्रकरण संपल्यावर बाल न्याय मंडळाकडे नोंद नष्ट करण्याचा लेखी अर्ज द्या. आपोआप होईल म्हणून बसू नका.

दुसरी वाट, गुन्हा मागे घेण्याची. इथे मी जरा कडू बोलणार आहे. २० डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व कायद्याविरोधात बीडमध्ये बंद झाला, दगडफेक झाली, आपल्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. ३० ऑक्टोबर २०२३ ला त्याच बीडमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जाळपोळ झाली, आमदारांची घरं पेटली, त्यांच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. दोन्हीकडे खरा हात घालणारे थोडे आणि यादीत नाव आलेले पुष्कळ. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतलं उपोषण सुटलं तेव्हा मराठा आंदोलकांचे गुन्हे मागे घेण्याचं आश्वासन सरकारने दिलं. चांगलं झालं, मी त्याच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की राजकीय-सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय कुठल्या एका जातीसाठी नसतात. जीवितहानी नको, नुकसान ठरावीक रकमेच्या वर नको, अशा अटी असतात. त्या अटींत आपली केस बसते का, हे बघून आपण अर्ज किती केले? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं: "हमारा कौन सुनेगा?" अरे, अर्जच केला नाही तर कोण ऐकणार?

आणि हेही समजून घ्या: मंत्री बोलला म्हणून केस जात नाही. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. जुन्या कायद्यात कलम ३२१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. दोषारोप ठेवण्याआधी मागे घेतली तर आरोपमुक्त, नंतर घेतली तर निर्दोष. तो आदेश हातात येईपर्यंत पेढे वाटू नका.

भावकीतली भांडणं, बांधाची मारामारी, नवरा-बायकोची केस, यात दोन्ही बाजू बसल्या असतील तर तडजोड होते. कायद्यात तडजोडीला जागा नसलेलं कलम असेल तर औरंगाबाद खंडपीठात जाऊन एफआयआर रद्द करून घेता येते. खर्च आहे, पण हा कागद पक्का असतो. चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे, त्याला घाबरू नका.

आणि गुन्हा खरंच हातून झालाय, पहिलाच आहे, किरकोळ आहे? मग शिक्षा सुनावण्याआधी वकिलाला परिवीक्षा कायद्याची आठवण करून द्या, १९५८ चा आहे. समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडलं तर कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोष पुसला जात नाही, नोकरीतलं खातं वेगळा विचार करू शकतं; पण दोनशे रुपये दंडापेक्षा हे हजार पटीने बरं. माझ्या त्या पोरासाठी मी एवढं जरी मागितलं असतं तरी...असो.

निर्दोष सुटलेल्यांनी तर सगळ्यात जास्त ऐका. सुटलो म्हणजे संपलं असं नाही. एका आयाबाईच्या मुलाचा निकाल लागून चार वर्षं झाली होती, तरी पडताळणीत "प्रकरण न्यायप्रविष्ट" येत होतं. निकाल ठाण्यापर्यंत पोचलाच नव्हता. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, ठाण्यात अर्जासोबत द्या, पोच घ्या. अटकेत बोटांचे ठसे, फोटो घेतले असतील तर २०२२ च्या ओळख कायद्यात एरवी ते ७५ वर्षं राहतात. पण आधी शिक्षा झालेली नसेल आणि अपिलांसह सगळं संपून निर्दोष सुटला असाल, तर कोर्टाने वेगळं कारण दिल्याशिवाय ते नष्ट करायचे असतात. त्यासाठीही अर्ज लागतो. निकाल वाचताना "संशयाचा फायदा" हे शब्द आहेत का तेही बघा. पोलीस भरतीत त्या दोन शब्दांवर पुष्कळ अडतं. साक्षीदार फिरल्याने सुटणं आणि आरोपच खोटा ठरणं यात खातं फरक करतं.

फॉर्मवर खोटं लिहू नका. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा तत्सम किरकोळ गुन्हा लपवला असेल तर नोकरी देणारा आपल्या मर्जीने त्या लपवण्याकडे दुर्लक्ष करू शकतो. पण एरवी लपवणं हाच वेगळा दोष होतो. माझा तो पोरगा "नाही" लिहिणार होता. त्याने "होय" लिहिलं. नोकरी गेली, पण पुढचा फॉर्म भरायची तोंडाला जागा राहिली.

मघाशी त्या चाचांनी उमऱ्याचं विचारलं होतं. चाचा, केस चालू असली तरी पासपोर्ट कायमचा बंद होत नाही. ज्या कोर्टात केस आहे तिथून परवानगी आणा; तशी सोय १९९३ च्या अधिसूचनेने केली आहे. कोर्ट जेवढ्या मुदतीचं म्हणेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. एजंटला वीस हजार देऊ नका.

आता तिकडे टेबल लावलंय. दोन वकील आहेत, एक मराठी लिहितील, एक उर्दू वाचतील. एफआयआर नंबर माहीत नसेल तर ठाण्याचं नाव आणि अंदाजे वर्ष सांगा. झेरॉक्स चौकात होते. मूळ नक्कल कुणाच्याही हातात देऊन जाऊ नका, माझ्यासुद्धा.