साखरेच्या भांड्यावरची अक्षरे
(आगमन समारंभात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



सभागृहात येताना दाराजवळचे आमचे टेबल आपण पाहिले असेल. त्यावर कापडी पिशव्या मांडल्या आहेत. शाळांतले मराठीचे वर्ग टिकावेत म्हणून आपण सरकारला निवेदन देणार आहोत. त्याची छपाई आणि सह्यांसाठी गावोगावचा प्रवास हा खर्च या पिशव्यांतून निघतो. एका काकांनी आम्हाला हसत विचारले, "बाई, पिशव्या विकून कधी सरकार हलते का?"

काका, हलते. त्याची एक जुनी गोष्ट सांगतो. ती साखरेची आहे, म्हणजे आपल्याही घरची आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ उभी राहिली. १७८७ साली जोसाया वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराने एक छोटे पदक तयार केले. त्यावर साखळदंडातला, गुडघे टेकलेला माणूस विचारत होता, मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? बायका ते पदक बांगडीत आणि केसांच्या पिनेत बसवून घालू लागल्या. १७९१ साली विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढले. गुलामांच्या हातची साखर खाणारा माणूस त्या पापाचा भागीदार आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. सुमारे तीन लाख लोकांनी ती साखर सोडली, असा अंदाज चळवळीतले थॉमस क्लार्कसन यांनी दिला आहे.

१८२५ साली बर्मिंगहॅमच्या स्त्रियांनी आपली वेगळी संस्था काढली. त्यांना मताचा अधिकार नव्हता, संसदेत त्यांचे कोणी नव्हते. त्यांनी काय केले? पिशव्या शिवल्या! आत गुलामगिरीविरुद्धची पत्रके घातली आणि त्या विकल्या. त्या पैशातून पुढचे काम चालले आणि पिशवीबरोबर चळवळही घराघरांत गेली. आमच्या टेबलाची खरी आजी तिथली आहे.

त्याच काळात दुकानांत साखरेची भांडी मिळू लागली. त्यांवर सोनेरी अक्षरांत लिहिलेले असे की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. एका दुकानदाराच्या भांड्यावर तर हिशेबच होता : सहा कुटुंबांनी वेस्ट इंडिजऐवजी ईस्ट इंडियाची साखर घेतली, तर एक गुलाम कमी लागेल.

इथपर्यंत गोष्ट ऐकून टाळ्या वाजवाव्यात अशीच आहे. आम्ही शाळेत ती इथपर्यंतच सांगत आलो. पण ती अक्षरे पुन्हा वाचली पाहिजेत.

हिंदुस्थानातली साखर गुलामांची नाही, असे भांडे सांगत होते. पण खुद्द हिंदुस्थानात गुलामगिरी होतीच. तिच्याविरुद्धचा कायदा झाला १८४३ साली. त्या साखरेची बाजू घेणाऱ्यांत लिव्हरपूलचे जेम्स क्रॉपर होते. ते मनापासून गुलामगिरीच्या विरुद्ध होते आणि हिंदुस्थानच्या मालाचे व्यापारीही होते. त्यात लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. पण धर्म आणि धंदा एकाच भांड्यात ठेवले, की कोणता किती आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

आता आपल्या बेटाकडे या. ज्या १८२५ साली बर्मिंगहॅमच्या बायका पिशव्या शिवायला बसल्या, त्याच साली मॉरिशसच्या साखरेवरचा जकातीचा दर वेस्ट इंडिजच्या साखरेइतका खाली आणला गेला. इथे ऊस वाढला आणि तो गुलामांच्या हातांनीच वाढला. मग चळवळीला यश आले. १८३३ साली कायदा झाला, १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. सुटलेल्या गुलामांना काही मिळाले नाही.

आणि त्याच्या तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले होते. त्यांच्यामागून लाखो आले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे आपले लोकही आले. बाजाराच्या हिशेबात आता इथली साखरही 'गुलामांनी न केलेली' झाली होती. अक्षर न अक्षर खरे होते. त्या अक्षरांत आपल्या पणजोबाचा करार नव्हता, एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापणारा नियम नव्हता.

न्यायाने एक सांगायला हवे. गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या काही लोकांनी गिरमिटाविरुद्धही आवाज उठवला. त्यामुळे काही वर्षे मजुरांची जहाजे थांबली. १८४२ साली मॉरिशससाठी पुन्हा परवानगी मिळाली. पण आपल्या माणसांसाठी साखरेचे भांडे कोणी रंगवले नाही. तोवर गिऱ्हाइकाचे समाधान झाले होते.

ही गोष्ट आज का सांगतो? कारण आमच्या टेबलावरही तसेच घडले.

पहिल्या वर्षी आम्ही पिशव्या नव्हे, कप विकले. कपावर 'मराठी जगवा' असे छापले होते. ते झटपट खपले. शाळेत एका मुलाने कप उलटा करून विचारले, "टीचर, हा कोणी बनवला?" आम्हाला सांगता आले नाही. कुठल्या देशात, किती मजुरीवर, काहीच ठाऊक नव्हते. ज्यांचे पणजोबा न विचारलेल्या प्रश्नाच्या पोटी इथे आले, त्यांनीच तो प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून पिशव्यांकडे वळलो. त्या आपल्याच बायका शिवतात आणि शिलाई रोख घेतात. मग गेल्या निवडणुकीआधी एका उमेदवाराचा माणूस आला. सगळ्या पिशव्या एकदम घेतो म्हणाला, फक्त आत साहेबांचा फोटो घालायचा. दोन संध्याकाळी आमच्यात वाद झाला. काही भगिनी म्हणाल्या, पैसा तो पैसा, सह्यांचे काम एका दिवसात मार्गी लागेल. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. छपाईवाल्याचे बिल तेव्हा थकलेले होते. पण पिशवी घेणारी आजी मराठीसाठी पैसे देणार आणि घरी साहेबांचा फोटो नेणार, हे आम्हाला पटले नाही. नाही म्हटले. बिल फेडायला आम्हाला आणखी चार महिने लागले.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. विकायची वस्तू कोणी केली आणि त्याला काय मिळाले, हे सांगता आले पाहिजे. किमतीतला किती भाग वस्तूचा आणि किती कामाचा, हे टेबलावर लिहिलेले असले पाहिजे. आज शंभर रुपयांच्या पिशवीत साठ रुपये कापड-शिलाईचे आहेत आणि चाळीस निवेदनाचे. आणि वर्षाचा हिशेब सभेत मोठ्याने वाचला पाहिजे.

शेवटचे एक. पिशवी घेतली म्हणजे कर्तव्य झाले, असे कृपा करून समजू नका. टेबलावर पिशव्यांच्या शेजारी सह्यांची वही आहे. पिशवी नको असेल तर घेऊ नका, पण वहीत सही करा. आणि उद्या आपल्या नातवंडाला मराठीच्या वर्गात पाठवा. ते आमच्या चाळीस रुपयांना जमणारे काम नाही.

जय मराठी!