यंत्र आपले, किल्ली कारखानदाराची
(अभ्यासवर्गातील भाषण)



मालकीचा प्रश्न म्हटला की जमीन आणि गिरणी डोळ्यांपुढे उभी राहते. आज मी घरातल्या टेबलावरील एका लहानशा यंत्राविषयी, प्रिंटरविषयी बोलणार आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलेले हे यंत्र खरोखर कोणाचे?

प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि नफा शाईवर काढायचा, ही या धंद्याची जुनी रीत. ग्राहक दुसऱ्याची स्वस्त शाई घेऊ लागला की ती कोसळते. म्हणून शाईच्या कार्ट्रिजवर चिप बसवली जाते. चिप ओळखीची नसेल तर यंत्र छपाई नाकारते. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपी कंपनीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी तोवर चालत असलेली इतरांची कार्ट्रिजेस एकाएकी नाकारली. ओरड झाल्यावर, ग्राहकांना पुरेशी कल्पना दिली नाही, याबद्दल कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. पद्धत मात्र सोडली नाही.

हे निर्बंध दर्जासाठी आहेत, असे सांगितले जाते. त्याचे उत्तर जानेवारी २०२२ मध्ये परिस्थितीनेच दिले. चिपच्या जागतिक टंचाईमुळे कॅननच्या जर्मन शाखेला कार्यालयीन यंत्रांची टोनर-कार्ट्रिजेस चिपशिवाय पुरवावी लागली. तेव्हा यंत्राचा इशारा बाजूला सारून छपाई कशी चालू ठेवावी, हे कंपनीनेच ग्राहकांना समजावले. छपाईचा दर्जा बिघडत नाही, अशी ग्वाहीही दिली. उरलेला टोनर मोजण्यात अडचण येऊ शकते, इतकेच.

वर्गणी ही पुढची पायरी. वस्तू विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क खटल्यात दिला. पण विक्रीच केली नाही तर? एचपीने २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ‘इन्स्टंट इंक’ योजनेत ग्राहक दरमहा पानांच्या संख्येनुसार पैसे भरतो. कार्ट्रिज कंपनीचेच राहते. वर्गणी थांबली की आत शाई असूनही ते दुरून बंद पाडले जाते. बेताची छपाई करणाऱ्याला हा व्यवहार स्वस्त पडू शकेल, हे खरे. पण चांगल्या वर्षी कुळालाही जमीन परवडत असे. म्हणून ते मालक होत नव्हते.

आपल्या शहरांतून शाई भरून देणाऱ्या लहान दुकानदारांचा रोजगारही याच चिपशी बांधलेला आहे. तेव्हा आपली मागणी नेमकी हवी: निर्बंध खोक्यावर ठळक छापावेत, विक्रीनंतर नवे लादू नयेत, आणि कोणती शाई घालायची, हे यंत्र विकत घेणाऱ्यानेच ठरवावे.