कापडाची उलट बाजू : ऑनलाइन वर्गातून भरतकामाचे शिक्षण



ब्रह्मपुरी तालुक्याची ओळख धानाच्या बांध्यांनी आणि जंगलाने होते. पूर्वेला वैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे 1982 साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सुरू होतो. अशा परिसरात सुईदोऱ्याच्या नक्षीकामाचा, आणि तोही ऑनलाइन वर्गातून शिकण्याचा विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु धानाचा हंगाम संपल्यानंतर ग्रामीण स्त्रीच्या हाती जो रिकामा वेळ उरतो त्याचे मोल काय, हा प्रश्न किरकोळ नाही. मोबाइलच्या पडद्यावर आज जगभरचे टाके पाहावयास मिळतात. ते पाहून हाताला कसब येते काय, ते कसब कोणाला मिळते आणि मिळाल्यावर त्याचा दाम पदरात पडतो काय, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

सुई आणि स्वावलंबन

स्त्रियांच्या स्वावलंबनाशी सुईचा संबंध महाराष्ट्रात जुना आहे. 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केले. तेथे साक्षरतेबरोबरच शिवणकाम आणि परिचर्या यांच्या शिक्षणाला स्थान मिळाले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रीला आपल्या पायावर उभे राहता यावे, हा त्यामागील विचार होता. इंग्लंडमध्ये 1872 साली स्थापन झालेल्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क या संस्थेचा उद्देशही याच जातीचा होता : मागे पडत चाललेल्या भरतकामाला कलेचा दर्जा मिळवून द्यावा आणि उपजीविकेचे साधन नसलेल्या सुशिक्षित स्त्रियांना काम द्यावे. याच संस्थेने 2021 साली जगातील टाक्यांचा एक संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. लंडनमधील विद्यार्थिनीला जो टाका पाहता येतो, तोच आता वैनगंगेकाठच्या मुलीलाही पाहता येतो. मात्र पाहणे आणि येणे यांत अंतर आहे.

पडदा काय दाखवितो, काय झाकतो

जाळीदार कॅनव्हासवर लोकरीने भरावयाच्या कामाचे उदाहरण घेऊ. त्यातील मूळचा टाका म्हणजे अर्धी फुली, एका घरावरून तिरका गेलेला एक छोटा टाका. हा टाका तीन रीतींनी घालता येतो आणि तिन्ही रीतींत पुढील बाजू जवळजवळ सारखीच दिसते. फरक असतो तो मागे. पहिल्या रीतीत मागे आखूड उभे टाके पडतात. लोकर कमी लागते, पण पाठ विरळ राहते आणि वस्तू लवकर झिजते. दुसऱ्या रीतीत मागे लांब तिरके टाके येतात. पाठ भरीव होते, पण कॅनव्हास एका अंगाला ओढला जाऊन चौकोनाचा तिरका आकार होतो. तिसऱ्या रीतीत कर्णरेषेने वरखाली भरत गेल्यामुळे मागे टोपलीच्या विणीसारखी वीण तयार होते. लोकर अधिक लागते, परंतु कापड सरळ राहते आणि आसनाच्या गादीसारखी वापराची वस्तू दीर्घकाळ टिकते.

पडद्यावर शिकणाऱ्या मुलीला बहुधा पुढची बाजूच दिसते. ती चित्राबरहुकूम टाके घालते, काम हुबेहूब उतरते आणि रिंगमधून कापड काढल्यावर ते वाकडे का झाले हे तिला उमगत नाही. समोर बसलेली शिक्षिका कापड हातात घेऊन प्रथम ते उलटे करते. ऑनलाइन वर्गात नेमकी हीच कृती सुटते. म्हणून अशा वर्गाची पारख करण्याची एक साधी कसोटी आहे : शिकविणारी व्यक्ती कामाच्या दोन्ही बाजू दाखविते काय, आणि शिकणारीकडून दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागविते काय?

आपल्या शेजारच्या परंपरेत ही कसोटी आधीपासून आहे. धारवाड आणि बेळगाव भागातील कसुती, जिला मराठी घरांत कर्नाटकी कशिदा म्हणतात, ती इरकली लुगड्यांवर आणि काळ्या चंद्रकळेवर भरली जाई. गोपूर, पालखी, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन अशा तिच्या आकृत्या कापडावर न छापता केवळ धागे मोजून उतरविल्या जातात. तिचे टाके चार : गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. त्यांपैकी गवंती आणि मुरगी यांत दोऱ्याला गाठ न मारता काम केले जाते आणि कापडाची सुलट व उलट बाजू सारखीच दिसते. गवंती म्हणजे जाताना धावदोरा घालावयाचा आणि परतताना राहिलेल्या जागा भरावयाच्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या स्त्रीने आयुष्यभर गोधड्या शिवल्या तिच्या हातात धावदोरा पक्का बसलेला असतो, म्हणजे गवंतीचा निम्मा टाका तिला येतोच. तिला नवशिकी समजून पहिल्या धड्यापासून बसविणे हा तिच्या कसबाचा अवमान आहे, आणि वेळेचा अपव्ययही. वर्ग सुरू करण्यापूर्वी गावात कोणाला काय येते याची नोंद घेतली, तर पडद्यावरील शिक्षिकेला गावातच एक साहाय्यिका मिळते. दूरच्या शिक्षिकेने नमुना दाखवावा आणि जवळच्या साहाय्यिकेने हात धरावा, अशी ही विभागणी होय.

मोबाइल कोणाच्या हाती?

दुसरा प्रश्न साधनाचा आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण 33.3 टक्के, तर पुरुषांचे 57.1 टक्के होते. त्यानंतर मोबाइलचा प्रसार वाढला आहे. तथापि, घरात एकच मोबाइल असेल तर तो बाहेर जाणाऱ्या पुरुषाच्या खिशात जातो, हा अनुभव 2020 साली शाळांचे वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा शिक्षकांनी घेतला आहे. ज्या वर्गासाठी प्रत्येकीकडे स्वतःचा मोबाइल लागतो, तो वर्ग सर्वाधिक गरजू स्त्रीला आरंभीच वगळतो.

यावर उपाय एकत्र बसण्याचा आहे. ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने 2011 साली हाती घेतली आणि 2015 पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. जेथे ही जोडणी चालू आहे तेथे पंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेच्या खोलीत एका मोठ्या पडद्यासमोर दहा-पंधरा जणी बसू शकतात. जोडणी अखंड नसेल तर धडे आधी उतरवून घ्यावेत. सुईचे काम असे आहे की दोन मिनिटांचे दृश्य पाहिल्यानंतर अर्धा तास हात चालवावाच लागतो. त्यामुळे धडा थांबवून थांबवून दाखविणे हीच येथे योग्य रीत ठरते.

वर्गाचे वेळापत्रक मात्र गावाच्या कामावरून ठरावे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी व त्यानंतर मळणी, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेची मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने. या क्रमात जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस वर्गाला सोयीचे असतात, तर कडक उन्हाळ्यात जेथे तेंदूपानांचे काम नसेल तेथे दुपारचा वेळ घेता येतो. या परिसरात वाघांचा वावर आहे. वर्ग सायंकाळी ठेवून स्त्रियांना अंधारात घरी परतावयास लावणे सर्वथा टाळावे. सुईच्या कामाला दिवसाचा उजेड हवा असतो, ही त्यात आणखी एक सोय.

टाक्यांचा हिशेब

तिसरा प्रश्न दामाचा, आणि तोच बहुतेक वर्गांत शिकविला जात नाही. चौकडी विणीच्या मॅटीच्या कापडावर फुलीचे काम करावयाचे आहे आणि कापडाला एका इंचात 14 घरे आहेत असे धरू. म्हणजे एका चौरस इंचात 196 फुल्या. सहा इंच लांब व सहा इंच रुंद अशी पूर्ण भरलेली नक्षी केली तर 7,056 फुल्या होतात. मिनिटाला 10 फुल्या पडतात असे मानले तरी जवळजवळ 12 तास लागतात, म्हणजे आठ तासांचे दीड दिवस. 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात ग्रामीण रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 312 रुपये ठरला होता. त्या हिशेबाने दीड दिवसाची मजुरी 468 रुपये होते. कापड, दोरा, शिलाई आणि वाहतूक यांचा खर्च निराळाच. असा चौकोन लावलेली उशीची खोळ कोणी 300 रुपयांना मागितली, तर विकणारी स्त्री आपले दिवस तोट्यात विकते. गावात मात्र तिने 300 रुपये मिळविले असे म्हटले जाते.

हा हिशेब निराश होण्यासाठी नाही, निवड करण्यासाठी आहे. संपूर्ण भरलेल्या चौकोनाऐवजी काठाची अरुंद पट्टी किंवा कोपऱ्यातील एकच फूल घेतले, तर टाके कमी लागतात आणि वस्तूची किंमत त्या प्रमाणात घटत नाही. कापडाची निवडही महत्त्वाची. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हे राज्यातील टसर रेशमाचे जिल्हे. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून निघणारा हा कोसा या मातीचा आहे. त्याचा धागा कमीजास्त जाडीचा असल्याने धागे मोजून भरणे अवघड जाते. परंतु कापडावर सुटी जाळी टाचून, तिच्या घरांवरून भरून, नंतर जाळीचे धागे एकेक ओढून काढण्याची रीत आहे. बाहेरून आणलेल्या कापडावर परक्या नमुन्याची नक्कल करण्यापेक्षा, स्थानिक कोशावर धानाची लोंबी किंवा मोहाचे फूल उतरले तर त्या वस्तूला स्वतःचे नाव सांगता येईल.

पंचायतीने काय पाहावे

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. 1975 साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान अर्थात उमेद यांच्यामार्फत गावोगावी बचत गट उभे राहिले आहेत. वर्गासाठी नवी समिती न नेमता याच गटांना हाताशी धरावे. ज्या मुलींना पुढे रीतसर शिकावयाचे आहे त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत भरतकामाचा एक वर्षाचा व्यवसाय आहे याची माहिती शाळेतूनच मिळावी. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. केवळ भरतकाम हा त्यातील स्वतंत्र व्यवसाय नाही. ही वस्तुस्थिती अर्ज भरण्यापूर्वीच स्त्रियांना सांगावी, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचे त्यांचे हेलपाटे वाचतील.

वर्गाची फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. शिकविण्याची भाषा मराठी आहे काय? कामाची उलट बाजू तपासली जाते काय? साहित्य कोठूनही घेण्याची मुभा आहे, की त्याच विक्रेत्याकडून घेण्याची सक्ती आहे? आणि शेवटी प्रमाणपत्राखेरीज विकता येण्याजोगी एक तरी पूर्ण वस्तू हाती राहते काय? या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर तो पैसा आणि तो हंगाम दोन्ही वाचविलेले बरे.

वर्गाच्या समारोपाला मांडणी होते, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. त्या दिवशी सरपंचांनी आणि मुख्याध्यापकांनी एखादे काम हातात घेऊन ते उलटून पाहावे. पाठ स्वच्छ असेल, दोरे लोंबत नसतील, कापड ओढले गेले नसेल, तर शिक्षण झाले असे समजावे. त्यानंतर ते करण्यास किती तास लागले हे त्या स्त्रीला विचारावे आणि तिने सांगितलेल्या तासांवरून किंमत मोजून पहिली वस्तू गावानेच विकत घ्यावी.