सफारी ठरवताना

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या सांगली येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



परदेशातल्या कामाचा अनुभव सांग, असं मला सांगितलंय. तीन महिन्यांचं सगळं सांगत बसत नाही. एका सहलीची तयारी करताना काय झालं, तेवढंच सांगते.

२०२३ साली मी टांझानियात, अरुशा शहराजवळ, बायकांच्या बचत गटांबरोबर स्वयंसेवक म्हणून काम केलं. वह्या, हिशेब, बैठका, सगळं आपल्यासारखंच. स्वाहिलीत बहिणीला 'दादा' म्हणतात. त्यामुळे तीन महिने मी सगळ्यांची दादा होते!

माझ्याबरोबर युरोप-अमेरिकेतून आलेल्या मुली होत्या. पहिल्याच आठवड्यात सफारीचा बेत सुरू झाला. सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो, चार दिवस, पाच जणींत एक जीप. जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने, तेव्हा जनावरं पाणवठ्यावर येतात. प्रवेश फी माणशी, दर दिवसाची, आणि तीही डॉलरमध्ये. माझ्या वाट्याचा आकडा ऐकून मला इथला दोन महिन्यांचा पगार आठवला. तरी मी नाव दिलं. सिंह पाहायची हौस मलाही होती, ती कशाला लपवू?

बैठकीनंतर गटातल्या एका मासाई बाईला मी सहज विचारलं, "तुम्ही पाहिलंय का सेरेंगेटी?" ती म्हणाली, "माझी सासू तिथे राहायची."

मग मी माहिती काढायला लागले. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं १९५१ साली. १९५९ साली तिथल्या मासाईंना गुरांसकट बाहेर काढून शेजारच्या न्गोरोंगोरोत हलवलं. तिथे वन्यप्राणी आणि माणसं एकत्र राहतील, असं ठरलं होतं. पुढे तिथे शेतीवर बंदी आली. २०२२ पासून त्याच लोकांना शेकडो किलोमीटर दूर हांदेनी भागात नेणं सुरू झालं. सरकार म्हणतं, लोक राजीखुशीने जातात. २०२४ साली हजारो मासाई याविरुद्ध रस्त्यावर उतरले.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. कोयना धरणात तिचं गाव गेलं. घाटातली बाई खाली माळावर येऊन पडली. ती धरणाबद्दल फार बोलायची नाही. हिरडा, शिकेकाई, नाचणीचं रान याबद्दल बोलायची. जमिनीचे कागद आजोबांच्या नावावर होते. रानातून ती जे आणायची त्याला कागदच नव्हता, मग भरपाई कुठली?

आपल्या दोन जिल्ह्यांत हे धरणापाशी थांबलं नाही. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरलाय. जंगल वाचायला हवं, यात माझं दुमत नाही. आपल्या नद्या तिथूनच येतात. पण गाव उठतं तेव्हा यादी कोण करतं आणि यादीत कोण येतं, हा प्रश्न आपला आहे.

व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपये ठरले. १८ वर्षांवरची अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटिता यांना त्यात स्वतंत्र कुटुंब धरलंय. हे चांगलंच आहे. पण टाकलेली बाई? नवरा नांदवत नाही आणि कागदावर घटस्फोटही नाही. ती कुठल्या रकान्यात बसते? कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी याच जिल्ह्यात परित्यक्ता बायकांना संघटित केलं. वेगळं रेशनकार्ड द्या, ही त्या लढ्यातली मागणी होती. ती का होती, ते मला अरुशात बसून नीट कळलं. रेशनकार्डावर नाव नसेल तर पुनर्वसनाच्या यादीत कुठून येणार?

मी सफारीला गेले. न जाऊन त्या बाईला काही मिळणार नव्हतं. पण बेत बदलला. चाराचे दोन दिवस केले, स्थानिक मासाई वाटाड्या घेतला. सिंह दिसला, फार आनंद झाला. मग मी वाटाड्याला विचारलं, "इथे वस्ती कुठे होती?" त्याने हाताने एक उतार दाखवला. तिथे गवतच होतं. जीपमधल्या मुली मला म्हणाल्या, हा प्रश्न आम्हाला का सुचला नाही? मी म्हटलं, माझ्या आजीमुळे मला सुचला.

चांदोलीत आता पर्यटक जातात. तुम्हीही जा, मुलींना घेऊन जा. सफारी या शब्दाचा स्वाहिलीत अर्थ नुसता प्रवास, आपली 'सफर'च ती. पण जाताना वाटेत पुनर्वसनाच्या एखाद्या वसाहतीत थांबा. तिथल्या बायकांना तीन गोष्टी विचारा. सातबारावर तुमचं नाव आहे का? भरपाईचा पैसा कोणाच्या खात्यात आला? गाव उठलं तेव्हा माहेरी परत आलेल्या बायका किती होत्या, आणि त्यांना काय मिळालं? उत्तरं वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा. तिथून आपण काम सुरू करू.