मॅगझिन : एका कोठाराची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'मॅगझिन' हा शब्द आपण इंग्रजी म्हणून वापरतो. इंग्रजीला तो फ्रेंचकडून मिळाला, फ्रेंचला इटालियनकडून आणि इटालियनला अरबीकडून. मूळ शब्द 'मखझन', त्याचं अनेकवचन 'मखाझिन'. अर्थ कोठार, वखार. ख, झ आणि न या तीन अक्षरांच्या ज्या धातूपासून तो झाला, त्याच धातूपासून आपला 'खजिना' आला. म्हणजे खजिनदार आणि मॅगझिनचा संपादक एकाच कुळातले. संपादकाच्या तिजोरीत खडखडाट असतो, हा भाग निराळा!

वाटेत ज्यानं त्यानं या शब्दाला आपापल्या कामाला जुंपलं. फ्रान्समध्ये तो दुकान झाला. मोरोक्कोत 'मखझन' म्हणजे चक्क राजसत्ता. ज्याच्या हाती कोठार, त्याचं राज्य. इंग्रजांनी त्यात दारूगोळा भरला. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या साथीदारांनी सुरुंग लावून उडवलं, ते असंच मॅगझिन. बंदुकीत काडतुसं ठेवायच्या कप्प्यालाही तेच नाव.

१७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्हनं 'जंटलमन्स मॅगझिन' काढलं. ठिकठिकाणचा वेचक मजकूर एका जागी साठवायचा, ही त्याची कल्पना. त्याच्याकडे लिहिणाऱ्या सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशात हा नवा अर्थ केव्हच्या नावानिशी नोंदवला.

आपला 'मासिक' हा शब्द फक्त मुदत सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही. १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तार'च्या नावात मात्र ती कोठाराची कल्पना थोडीफार दिसते. शेख अब्दुल कादिर यांनी १९०१ मध्ये लाहोरहून उर्दू मासिक काढलं, तेव्हा त्याचं नावच 'मखझन' ठेवलं. इक्बालांची 'हिमाला' त्याच्या पहिल्या अंकात आली. शब्द युरोपभर फिरून, छापखान्याची शाई लावून घरी परतला म्हणा ना!

माझ्या मराठी कवितेत 'खजिना' आला, की "हा शब्द आपला नाही, कोषागार लिहा" असा सल्ला अधूनमधून मिळतो. कोषागारात सरकारी बिलं पास होतात हो, कवितेत त्याचं काय काम? शिवाय आजीच्या गोष्टीतल्या राजाकडे खजिनाच असायचा. गंमत म्हणजे हा सल्ला देणारे गृहस्थ "आमच्या मॅगझिनसाठी काहीतरी द्या" असंही त्याच दमात म्हणतात. मी कविता देतो. खजिना आहे तिथेच ठेवतो.