ग्रीन कार्ड आणि मायदेशातील दीर्घ मुक्काम



साकीनाक्याच्या वस्तीला विमानांचा आवाज नवा नाही. सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ येथून हाकेच्या अंतरावर आहे. अंधेरी-कुर्ला मार्गावर व खैरानी रोडवर दुकान किंवा गाळा सांभाळून ज्यांनी मुलांना शिकविले, त्यांपैकी कित्येकांची मुले याच विमानतळावरून अमेरिकेस गेली, तेथे स्थिरावली आणि तेथील नागरिक झाली. पुढे त्यांनी आई-वडिलांसाठीही कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, मिळविले. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय वाटपाची जुनी पद्धत मोडीत काढली आणि एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाच्या आई-वडिलांना संख्येच्या मर्यादेतून मुक्त केले. त्यामुळे भावंडांना वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागते, परंतु आई-वडिलांचा क्रमांक तुलनेने लवकर लागतो.

कार्ड हाती येते, पण मन मात्र येथेच गुंतलेले असते. दुकान येथे, नेहमीचे डॉक्टर येथे, आप्तेष्टांची मंगलकार्ये येथे. चार महिन्यांसाठी आलेले ज्येष्ठ आठ-दहा महिने राहतात. परत जाताना तिकडच्या विमानतळावर अधिकारी विचारतो, "आपले घर कोठे आहे?" या एका प्रश्नासाठी अनेक कुटुंबांची पूर्वतयारी नसते. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

समाजात एक समजूत दृढ झाली आहे की, दर सहा महिन्यांनी अमेरिकेत जाऊन पासपोर्टवर शिक्का घेतला की कार्ड सुरक्षित राहते. ही समजूत अर्धसत्य आहे. १९९६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याची रचना अशी आहे की, सलग १८० दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर राहून परतणाऱ्या कार्डधारकाकडे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहता येते व त्याची अधिक चौकशी होऊ शकते. सलग एक वर्ष वा त्याहून अधिक गैरहजेरी झाली, तर केवळ कार्ड दाखवून प्रवेश मिळत नाही. तथापि १८० दिवसांच्या आत परतणे म्हणजे अभयदान नव्हे. गैरहजेरी तात्पुरती होती काय, आणि कायमचे घर अमेरिकेतच आहे काय, हा खरा निकष आहे.

या संदर्भात तेथील इमिग्रेशन अपील मंडळाचा १९७५ मधील केन प्रकरणातील निर्णय व्यापारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावा असा आहे. जमैका येथील एक महिला मायदेशी लॉजिंगचा व्यवसाय चालवीत असे. वर्षातील सुमारे अकरा महिने ती तेथे राही आणि वर्षातून एकदा थोड्या दिवसांसाठी अमेरिकेत जाई. तिची एकही गैरहजेरी वर्षाची नव्हती. तरीही मंडळाने ठरविले की तिचे घर व व्यवसाय जमैकातच आहे आणि अमेरिकेतील वास्तव्य तिने सोडून दिले आहे. साकीनाक्यातील दुकानाचे शटर रोज स्वतः उघडणारा आणि वर्षातून तीन आठवडे नातवंडांना भेटून येणारा कार्डधारक या महिलेहून वेगळा कसा ठरेल, याचा विचार प्रत्येक घरात व्हावयास हवा.

गैरहजेरी दीर्घ होणार हे आधीच ठाऊक असेल, तर त्यासाठी पुनःप्रवेश परवान्याची सोय आहे. त्याचा अर्ज, म्हणजे आय-१३१ हा फॉर्म, अमेरिकेत प्रत्यक्ष उपस्थित असतानाच दाखल करावा लागतो. १४ ते ७९ या वयोगटातील अर्जदारास बोटांचे ठसेही तेथेच द्यावे लागतात. मुंबईत पोहोचल्यावर आठवण झाली तर त्याचा उपयोग नाही. हा परवाना सामान्यतः दोन वर्षांचा असतो. मागील पाच वर्षांत चार वर्षांहून अधिक काळ बाहेर गेला असल्यास तो बहुधा एक वर्षाचाच मिळतो. हा परवाना गैरहजेरीच्या कालावधीमुळे उद्भवणारी अडचण दूर करतो, पण हेतूविषयीची शंका पूर्णतः पुसत नाही. नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्यही त्याने राखले जात नाही.

परवाना न घेता वर्ष उलटून गेले, तर वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ हा व्हिसा मागता येतो. त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: निघताना कायम रहिवासी असणे, परतण्याचा हेतू अखंड असणे, आणि आपल्या हाताबाहेरच्या कारणाने मुक्काम लांबणे. मार्च २०२० मध्ये भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा स्थगित झाली व ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. त्या काळात अडकलेल्या ज्येष्ठांना हे कारण खरोखर सांगता येत होते. "दुकानात माणूस मिळाला नाही" किंवा "नात्यात लग्न होते" ही कारणे तेथे पुरेशी ठरणे कठीण.

आता विमानतळावरील प्रसंगाविषयी. सोळा-अठरा तासांच्या प्रवासाने थकलेल्या, इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या वृद्धापुढे आय-४०७ नावाचा फॉर्म ठेवला जातो. तो स्वेच्छेने कायम वास्तव्य सोडल्याचा कागद आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात अशा दबावाच्या बातम्या अनेक वृत्तपत्रांनी दिल्या. प्रत्येक कार्डधारकास हे ठाऊक असावे की त्यावर सही करण्याची सक्ती नाही. अधिकाऱ्यास एकट्याने हा दर्जा संपुष्टात आणता येत नाही. कार्डधारकास इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, आणि वास्तव्य सोडल्याचे स्पष्ट पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर असते. जो कागद वाचता येत नाही, त्यावर सही करू नये. व्यापारात पाळला जाणारा हा नियम तेथेही तितकाच लागू आहे.

हेतू सिद्ध होतो तो कागदांनी. परतीचे तिकीट, तेथील पत्ता, बँकेचे खाते, वाहन परवाना, विम्याची कागदपत्रे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आयकर विवरणपत्र. कार्डधारक वर्षभर मुंबईत राहिला तरी त्यास जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेस द्यावा लागतो. येथील दुकानाचा नफा, गाळ्याचे भाडे, मुदत ठेवींचे व्याज हे सर्व त्यात आले. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. कर वाचविण्यासाठी स्वतःस अनिवासी दाखविणे म्हणजे वास्तव्य सोडल्याचा पुरावा आपल्याच हाताने लिहून देणे होय. एका वहीत रहिवासी आणि दुसऱ्या वहीत अनिवासी, असा मेळ कधीच बसत नाही.

असे नियम केवळ अमेरिकेचे नाहीत. कॅनडा पाच वर्षांत किमान ७३० दिवसांच्या वास्तव्याची अपेक्षा करतो. ब्रिटनमधील मुदतरहित वास्तव्याची अनुमती सामान्यतः सलग दोन वर्षांहून अधिक गैरहजेरीने संपते. कोणताही देश कायम वास्तव्य देतो ते राहण्यासाठी, कपाटात जपून ठेवण्यासाठी नव्हे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून निर्णय करावा. आई-वडिलांना उर्वरित आयुष्य मुलांजवळ घालवावयाचे असेल, तर येथील कारभार योग्य हाती सोपवून खरोखर तेथे राहावे. काही कामासाठी दीर्घ मुक्काम अटळ असेल, तर निघण्यापूर्वीच परवान्याचा अर्ज करावा. आणि मन येथेच असेल, तर कार्ड स्वेच्छेने परत करून पर्यटक व्हिसा मागावा. तो मिळेलच अशी हमी नसते, आणि कार्ड दीर्घकाळ बाळगले असल्यास करसल्लागाराचे मत आधी घ्यावे. परंतु पुढे गरज पडल्यास नागरिक असलेल्या मुलास आई-वडिलांसाठी पुन्हा अर्ज करता येतो. आपल्या घरी शांतपणे विचार करून केलेली सही आणि विमानतळाच्या बाकावर भेदरून केलेली सही, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. माणसाच्या सन्मानाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे.

मुलांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. कार्ड मिळवून देण्यात त्यांचे प्रेम आहे यात संशय नाही. परंतु त्या कार्डासाठी सत्तरीतल्या आईने दर पाच महिन्यांनी एकटीने दोन विमाने बदलीत जावे, ही अपेक्षा प्रेमाची म्हणता येणार नाही. घर कोठे आहे, हे आधी आई-वडिलांना विचारावे. त्यांनी दिलेले उत्तर कुटुंबाने मान्य केले, तर अधिकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देताना त्यांचा आवाज कापणार नाही.