हमालीतून स्टिअरिंगकडे

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या गोण्या उचलणारा किंवा नांदेडच्या पार्सल गोदामात खोकी लावणारा पोरगा अनेकदा टेम्पोच्या केबिनकडे डोळा लावून असतो. हे स्वप्न रास्त आहे.

वयाची 18 वर्षं पूर्ण झाली की हलक्या वाहनासाठी शिकाऊ परवाना काढता येतो. 30 दिवसांनंतर आरटीओत चाचणी देता येते. एकूण भारासह 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. मोठ्या ट्रकसाठी वय 20 आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना हवा. पूर्वी या परवान्यासाठी आठवी पासची अट होती. 2019 मध्ये ती निघाली, हे फार बरं झालं. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे कितीतरी मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते.

गोदामातली मेहनतही वाया जात नाही. शेवटच्या गावचा माल आधी आत जातो, जड खोकी तळाशी बसतात, बिल्टीवरचे नग मोजून घ्यावे लागतात. हे काम ज्याच्या हाताखालून गेलंय, तो माणूस वळणावर गाडी का कलते ते लवकर ओळखतो.

मात्र परवान्याआधी कुणी कौतुकाने किल्ली दिली तरी घेऊ नका. अपघात झाला तर विम्याची भरपाई अडते, शिवाय गाडी देणारा मालकही गुन्ह्यात येतो.